अपना साहेबांचं आभाळ

डोंबिवली पूर्व
१४ डिसेंबर

प्रिय ऋतुराज,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे धड आहेत. पत्र अशासाठी की फोनवर मी बाबांचं नाव काढलं रे काढलं की तुझ्याकडची रेंज जाते. जुलैपासून एकदाही चुकलेली नाही. पत्राची रेंज जात नाही. तोंड फिरवलंस तरी ते हातातच राहतं.

पाकिटावर तुझा नंबर, नाव आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ'. गाव नाही, तालुका नाही. दिवसभर मी बसमध्ये 'कुठं जायचं?' विचारत फिरते, गावाचं नाव दाबल्याशिवाय माझ्या मशीनमधून तिकीट निघत नाही, आणि माझा नवरा मात्र अशा जागी राहतो जिचं तिकीटच नाही. मग मीच त्या जागेला हवं ते देऊन टाकलंय. एक कालवा दिला, दोन कडुनिंब दिले, सकाळचं धुकं दिलं. त्या धुक्यात जाळीखाली तुझी तोफ झोपलेली असते आणि तू शेजारी चहाचा मग धरून उभा असतोस. चहात साखर फार असते. निदान तेवढं तरी खरं असणार.

आता मुद्दा. बाबांना ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलेलं. मोतीबिंदू असेल, काढून टाकू, अशा तयारीने गेलेलो, निघाला काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. कडेचं दिसणं जवळजवळ संपलंय, मधला एक तुकडा उरलाय. थेंब वेळेवर घातले तर तो उन्हाळ्यापर्यंत टिकेल, पुढचं सांगता येत नाही. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर मला त्यांच्या भाषेत समजावलं, "डावा सेक्टर गेला, पोरी. उजवा गेला. आता फकस्त बारा वाजताचं दिसतंय."

या घरात आले तेव्हा मला आधी हे घड्याळ शिकावं लागलेलं. समोर बारा, उजव्या हाताला तीन, पाठीमागे सहा. 'मिठाचा डबा दोन वाजता हाय' म्हणजे दुपारी दोन नव्हे, हे कळेपर्यंत मी तुम्हा दोघांना अळणी आमटी वाढली. दोघेही मुकाट्याने जेवलात. तेव्हा तुमचं एकमेकांशी पटायचं.

म्हणून स्पष्टच लिहिते. त्या मधल्या तुकड्यात त्यांना तुला एकदा बघायचंय. ते बोलणार नाहीत, तू विचारणार नाहीस, म्हणून हे मी सांगते आहे. जुलैत भरल्या ताटावरून उठलास आणि रजेचे दोन दिवस बाकी असताना निघून गेलास. ते दोन दिवस अजून शिल्लक आहेत असं मी धरून चाललेय.

तुझी,
मेघाली


खोपट डेपो
२८ डिसेंबर

प्रिय ऋतुराज,

पनवेलची गाडी पंक्चर आहे. ड्रायव्हर मारुतीदादा चाक बदलून घेतायत, तोवर मी कंडक्टरांच्या खोलीत बसून लिहिते आहे. शाई फुटली तर समजून घे, शेजारी डबे उघडलेत आणि कुणाच्या तरी कोलंबीचा रस्सा इकडे सरकतोय.

तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या रेजिमेंटचं मात्र आलं. कॅप्टन ऐश्वर्या म्हणून कुणी बाई आहेत, त्यांचा बाबांना फोन होता. रेजिमेंटला साठ वर्षं होतायत, इतिहासाचं पुस्तक काढायचंय, जुन्या माणसांना भेटत फिरतायत. जानेवारीत आपल्याकडे येणार. (रेजिमेंटचा नंबर पत्रात लिहायचा नाही अशी बाबांची सक्त ताकीद आहे. तुला तुझाच नंबर कळवून मी काय देश विकणार होते, ते विचारलं नाही.) बाबा म्हणाले, "मॅडम, हमारे पास बताने लायक कुछ नहीं." फोन ठेवला आणि गच्चीवर गेले.

त्यांचा स्टँड-टू चालू आहे. तुमच्यात पहाटे आणि दिवस मावळताना सगळ्यांनी तोफेवर हजर राहायचं असतं ना, तसे हे गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीवर हजर असतात. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून तर विचारूच नकोस. शीळफाट्याच्या बाजूने विमान आलं की मान वर करतात, अंगठा डोळ्यासमोर धरतात आणि हळूच म्हणतात, "अपना." प्रत्येक विमानाला. पलीकडच्या गच्चीवरच्या कलावतीबाई तांदळाच्या फेण्या वाळत घालता घालता विचारतात, "सुभेदार, आज किती सोडलीत?" बाबा म्हणतात, "सगळी."

तर त्या फोनच्या दिवशी मी कपडे काढायला वर गेले आणि ते आपणहून बोलायला लागले. बताने लायक कुछ नहीं म्हणणारा माणूस दिवेलागणीपर्यंत बोलत होता.

रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तोफा होत्या, पण पोरांना विमानं ओळखायला शिकवायला विमानं कुठून आणायची? मग एका उस्तादाने लाकडाची छोटी छोटी जहाजं (बाबा विमानाला जहाजच म्हणतात) कोरली, काळ्या रंगात बुडवली आणि छावणीतल्या कडुनिंबाला दोऱ्यांनी टांगली. आपली आणि त्यांची, एकाच फांदीवर. बाबा भरती झाले तेव्हा ते झाड नुसतं लगडलेलं होतं. उस्ताद काठीने एका जहाजाला ढोसायचा, ते गरगर फिरायचं, आणि खालच्या पोराने ओरडून सांगायचं, आधी जहाज कोणतं ते, आणि मग 'अपना' की 'दुश्मन'. हा नियम पक्का. आधी नाव, मग नातं. नाव न घेता नातं सांगितलं की झाडाला पळत फेऱ्या.

"दिवस मावळला की वर्ग संपायचा," बाबा म्हणाले. "आमी खाली बाजंवर पडायचो. वारं सुटलं की सगळी जहाजं आपसूक फिरायची. आपली, त्यांची, सगळी एकाच दिशेला. वरनं कडुनिंबाचा मोहर पडायचा. लढाईपरीस मला त्येच झाड जास्त दिसतं बघ."

मी विचारलं, पुस्तकात काय लिहायचं मग? एवढी वर्षं काय केलं रेजिमेंटनं? त्यांनी वाळवंट सांगितलं, बर्फ सांगितलं, जाळीखालची उन्हं सांगितली, पुढे रडार आलं आणि डोळ्याच्या जागी डबा बसला तेही सांगितलं. मग म्हणाले, मान वर करून थांबलो, दुसरं काय. मला ते फार आवडलं. मी पण बसच्या दारात उभी राहून तेच करते, फक्त मान वर नसते.

मारुतीदादा हाक मारतायत.

मेघाली


डोंबिवली
११ जानेवारी

प्रिय ऋतुराज,

उत्तर नाही. ठीक आहे. तू वाचतोयस हे मला माहीत आहे, कारण परवा फोनवर तू एकदम 'कडुनिंब नाही इथं, किकर आहेत' म्हणालास. मी धुक्यातून कडुनिंब काढून किकर, म्हणजे आपल्या बाभळी, लावले.

काल शीळफाट्याला गाडी अशी काही अडकली की उतारूंनी चिडणंही सोडून दिलं. सगळे पेंगत होते. पारसिकच्या डोंगराच्या अंगाने एक विमान खाली येत होतं, इतकं सावकाश, जणू कुणी दोरीला बांधून सोडतंय. त्याची सावली आमच्या बसवरून गेली. पुढच्या सीटवरून सुरू झाली, एकेका झोपलेल्या माणसाच्या तोंडावरून मागे मागे गेली आणि शेवटच्या खिडकीतून उतरली. कोणी जागं झालं नाही. मला बाबांचा पूल आठवला, कारण आदल्याच संध्याकाळी त्यांनी मला तो सांगितलेला.

तुला गोष्ट माहीत आहे. पण तू ती मेसमध्ये हसत हसत ऐकली असणार. मी गच्चीवर ऐकली, म्हणून पुन्हा लिहिते.

एकाहत्तरची लढाई. बाबा विशीतले. यांच्या बॅटरीकडे, म्हणजे तोफांच्या तुकडीकडे, एक पूल राखायला दिलेला. नदीचं नाव सांगत नाहीत, नुसतं 'नदी' म्हणतात. इतर ठिकाणी विमानं पाडल्याच्या बातम्या रेडिओवर यायच्या, यांच्या पुलावर कावळ्यांशिवाय कुणी नाही. तीन नंबरच्या तोफेवर बाबा एअर सेंट्री, म्हणजे ज्याचं काम फक्त आभाळ बघणं. शत्रू सूर्याच्या आडून येतो, म्हणून अंगठ्याने सूर्य झाकायचा आणि अंगठ्याच्या कडेकडेने बघायचं.

एका दुपारी ऊन उतरताना त्या कडेतून एक ठिपका निघाला. धावाधाव झाली, तोफ फिरली, गोळा सोडायच्या पेडलवर पाय गेला. ठिपका मोठा होत खाली आला. आणि बाबा ओरडले, "अपना!" नुसतं अपना. नाव नाही. तोफ थांबली, तिच्याकडे बघून बाकीच्याही थांबल्या. जहाज पुलावरून इतकं खालून गेलं की नदीच्या पाण्यावर शिरशिरी उठली. पूर्वेला, उसाच्या पलीकडे ते उतरत उतरत दिसेनासं झालं. आवाज नाही, धूर नाही, नंतर कुठली बातमी नाही. कोणाचं होतं ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

साहेबाने विचारलं, "कौन सा जहाज था?" बाबा म्हणाले, पता नहीं साब. "तो अपना कैसे बोला?" पाठीवर सामानाने भरलेला पिट्ठू देऊन पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. आणि नाव पडलं ते पडलंच. नाईक झाले तेव्हा नाईक अपना, मग हवालदार अपना, रिटायर होताना अपना साहेब. केकवरसुद्धा तेच लिहिलेलं, म्हणे.

आणि तू त्याच रेजिमेंटमध्ये गेलास, छोटा अपना झालास. ते तुला टोचतं हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे.

जुलैत तू आलास तेव्हा मे महिन्यातल्या सरहद्दीवरच्या त्या रात्रींची शाबासकी घेऊन आलेलास. तुमच्या तोफेने आभाळातून आलेलं बरंच काही, ड्रोन आणि काय काय, पाडलं म्हणून. येताना पेढे आणलेस, सगळ्या बिल्डिंगला वाटलेस, स्वतः एक खाल्ला नाहीस. दुसऱ्या दिवशी जेवताना तू विचारलंस, "बाबा, तुम्हाला कसं कळलं ते आपलं होतं?" बाबा म्हणाले, "न्हाई कळलं." तू म्हणालास, "मग ओरडलात कसे?" माझ्या हातात वरणाची वाटी होती, ती तशीच राहिली. बाबा म्हणाले, "युनिट हसायचं, आता घरबी हसाया लागलं. ह्या घरात अपना कोन त्येच मला दिसंना झालंय." आणि तू उठलास.

मला तेव्हा तुझा राग आलेला. अजून थोडा आहे.

मेघाली


डोंबिवली
२० जानेवारी

प्रिय ऋतुराज,

तुमच्या कॅप्टन ऐश्वर्या येऊन गेल्या. वयाने माझ्याहून लहान, नाशिककडच्या, अस्सल मराठी. बूट दारात काढले आणि पोह्यांवर लिंबू मागून घेतलं. बाबांनी सकाळपासून कोट घातलेला. त्यांना पदकं नीट दिसत नाहीत, म्हणून मला दोनदा विचारलं, सरळ आहेत का. मी म्हटलं, बारा वाजता आहेत. हसले.

बाईंनी फोन टीपॉयवर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. कडुनिंबाची गोष्ट बाबांनी मस्त रंगवली. मग बाई म्हणाल्या, "सुभेदार साहेब, आता ती पुलावरची दुपार."

बाबांचा चेहरा मिटला. "तुम्हालाबी त्येच विचारायचंय ना? कोणतं जहाज व्हतं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय दिसलं ते सांगा."

ऋतू, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं रे. तुझ्या आईंनी नाही, तू नाहीस, मी पण नाही. मला वाटलं बाबा उठून जातायत. चहावर साय धरली. खाली भंगारवाला ओरडत गेला. मग ते म्हणाले, "पाय."

"कुणाचे?"

"जहाजाचे. चाकं सोडली व्हती त्यानं. आमच्या गावच्या तळ्यावर बगळा उतरायचा, तवा असेच पाय सोडायचा. मारायला येणारं जहाज पाय पोटात घेऊन येतं, मॅडम. ज्यानं पाय सोडले त्याला उतरायचं असतं. कुठं का उतरंना. उतराया आलेल्याला दुश्मन कसं म्हनू? त्याचं नाव मला ठावं न्हवतं. नुसतं नातं ठावं व्हतं."

बाईंनी विचारलं, हे तेव्हा साहेबांना का नाही सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांनी नाव विचारलं. पायाचं कुणी विचारलं न्हाई. आन बगळा म्हनलो असतो, तर आनिक पळवलं असतं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन बंद केला, डोळ्याला रुमाल लावला आणि पोह्यात मिरची जास्त झाल्याचं सांगितलं. मी पोह्यात मिरची घातलीच नव्हती, बाबांना सोसत नाही. जाताना दारात त्यांनी बाबांना असा काही सॅल्यूट ठोकला की समोरच्यांचं कुत्रं भुंकायचं थांबलं. ती तीन नंबरची तोफ आता रेजिमेंटच्या गेटवर बसवतायत, रंग देऊन. रेजिंग डेला, म्हणजे रेजिमेंटच्या वाढदिवसाला, या म्हणाल्या. बाबा म्हणाले, येऊन काय करू, मला आता तोफ दिसायची न्हाई, तोफेचा मधला तुकडा दिसंल.

संध्याकाळी थेंब घालताना मी त्यांना विचारलं, हे ऋतुराजला का नाही सांगितलं जुलैत. ते म्हणाले, "त्यो हसत व्हता."

तू हसत होतास का रे? मी आठवून आठवून बघितलं. मला तुझं हसू आठवत नाही.

मेघाली


ठाणे, आईकडे
१ फेब्रुवारी

ऋतुराज,

आज सुट्टी होती म्हणून सकाळीच कोळीवाड्यात आले. खाडीवर धुकं होतं आणि ओहोटी लागलेली. आई दारात बोंबील निवडत बसलेली, मला बघून पहिलं वाक्य, "जावय कवा येनार गो? मागल्या टायमाला आलता, तवा खाडीकरं पाठ करून बसलेला."

मी म्हटलं, थकला असेल. आणि खाडीच्या काठावर जाऊन बसले. चिखलावर बगळे उतरत होते. एकामागून एक, धुक्यातून आधी नुसते पाय यायचे, मग पक्षी यायचा. मी लहानपणापासून हे बघितलंय आणि आज पहिल्यांदा बघितलं. किती बिनधास्त सोडतात रे पाय. जमीन असणारच, कुणी काही करणार नाही, असं धरूनच.

तिथे बसल्या बसल्या मला सगळं उलट्या बाजूने दिसायला लागलं.

जुलैत तुझा गणवेश धुवायला घेतला, तेव्हा खिशात एक पीस निघालेलं. राखाडी, लांब. तू एवढंच म्हणालास, "टाकू नकोस." मी ते आरशाच्या चौकटीत खोचलं, माझ्यासाठी आणलं असेल म्हणून. रोज त्याच्यासमोर उभी राहून मी टिकली लावते. ते पीस रातढोकरीचं आहे, ऋतू, बगळ्याच्याच जातीतल्या पाखराचं. आमच्या खाडीवर ढीगभर असतात. दिवसभर झाडात झोपतात आणि अंधार पडला की थव्याने निघतात. रडारला ते काय दिसत असेल, मला काय कळणार. पण त्या रात्री तुमच्यावर जे चालून आलं त्यातलं सगळंच यंत्र नव्हतं, पाखरंही होती, एवढं मला आज कळलं.

म्हणून पेढा खाल्ला नाहीस. म्हणून खाडीकडे पाठ करून बसलास. आणि म्हणून ताटावर बसून बापाला विचारलंस, तुम्हाला कसं कळलं. तू चेष्टा करत नव्हतास. तू खरंच विचारत होतास. बाबांना वाटलं पोरगा हसतोय, मला वाटलं नवरा उद्धट झालाय, आणि आम्ही दोघांनी मिळून तुला एकट्याला त्या रात्रीत परत पाठवलं.

मी हे बाबांना सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. तू यंत्रं पण पाडलीस, माणसं वाचवलीस, ते सगळं खरं आहे, मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी बिल्डिंगभर मिरवते. पण जे एक तुला कुणाला सांगता येत नाही, ते कळणारा माणूस या अख्ख्या डोंबिवलीत एकच आहे. तो रोज संध्याकाळी गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. त्याचा मधला तुकडा आता ताटाएवढा राहिलाय.

उत्तर नको. ये.

मेघाली


डोंबिवली
१२ मार्च

प्रिय ऋतू,

होळीला आलास आणि गेलासही. आई अजून सांगत फिरतेय, जावय खाडीकरं तोंड करून बसला म्हणून. पुरणपोळीचा डबा रिकामा झाला असेल तर परत पाठव, तो कलावतीबाईंचा आहे.

पुस्तकातलं आपलं पान कॅप्टन बाईंनी पाठवलंय, मी बाबांना वाचून दाखवलं. पूल, तारीख, तीन नंबरची तोफ. पुढे लिहिलंय, 'विमानाचा प्रकार: अज्ञात. ओळख: चाके सोडलेली. इशारा: अपना. तोफ चालवली नाही.' बाबांनी ते परत एकदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "बास. एक अक्षर वाढवू नगा म्हनावं."

पण हे पत्र त्यासाठी नाही. कल्याणला गाडीत बसताना तू दारातून म्हणालास ना, "सगळं बरं झालं गं. बाबा बोलले, मी बोललो. पण मी वर आलो तेव्हा ते विमानाला 'अपना' म्हणाले. दिवसातून इतक्यांदा विमानांना म्हणतात, मला एकदा म्हणायला काय होतं." आणि गाडी हलली. मी फलाटावर चार पावलं चालले, पण तुला ऐकू जाणार नव्हतं. म्हणून आता लिहिते.

तू कळवलं नव्हतंस. मी दोरीवरच्या चादरी काढत होते, बाबा पश्चिमेकडे तोंड करून बसलेले, अंगठा वर, सूर्य अंगठ्याआड. ऊन असं पिवळं पडलेलं की चादरी, टाक्या, कलावतीबाईंच्या फेण्या, सगळं एकाच पिठाचं केल्यासारखं दिसत होतं. जिन्यात पावलं वाजली. तू दारात आलास, बॅग खांद्यावरच, आणि थांबलास. बाबांच्या तीन वाजताच्या बाजूला, जिथलं त्यांना कधीचं दिसत नाही. मी तुला बघितलं आणि माझ्या तोंडात चिमटा होता, म्हणून बरं, नाहीतर मी ओरडले असते. तुझ्या तोंडावर काय होतं ते तुला कधी दिसणार नाही, मी बघितलंय.

तेव्हा बाबा म्हणाले, "अपना." वर बघत, अंगठा न हलवता.

तू तसाच उभा राहिलास. मग त्यांनी तो अंगठा खाली घेतला आणि म्हणाले, "तिथं नगं. त्यो सेक्टर गेलाय. बारा वाजता ये." तू समोर गेलास, गुडघ्यावर बसलास. ते किती वेळ तुझ्याकडे बघत होते. आधी कपाळ, मग एक डोळा, मग दुसरा, मग हनुवटी, तुकड्या-तुकड्याने तुला गोळा करत होते. पुढचं तुला माहीत आहे. आरशातलं पीस तू त्यांच्या तळहातावर ठेवलंस, जे सांगायचं ते सांगितलंस, आणि त्यांनी ते पीस बोटाने कितीदा तरी सरळ केलं. "मला दिवस व्हता, रं," ते म्हणाले. "माज्याकडं सूर्य व्हता. तुज्याकडं काय व्हतं?" मी तेव्हा चादरीमागे होते. मी रडले ते तुला दिसू नये म्हणून. आता सांगते.

पण तो शब्द. तू दारात होतास, तुझी नजर बाबांवर होती, वर बघायचं तुला सुचलं नाही. तुला वाटलं विमान असणार. मी मात्र वर बघितलं. या घरात राहून मलाही ती सवय लागलीय, अपना ऐकलं की मान आपोआप वर जाते. डोंगरापासून खाडीपर्यंत बघितलं. नंतर बाबांना विचारलं, तर म्हणाले, "शेवटची पायरी गाळून येतो त्यो. शाळेत जायचा तवापासनं."

ऋतू, तेव्हा आभाळात काहीच नव्हतं.

तुझी,
मेघाली